न लागलेला ठसका

आज महाडच्या घरी शेजारून जळक्या मिरचीचा वास आला आणि मी पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत, आईच्या चुलीपाशी जाऊन पोचले.

दुपार होती. मुंबईला कामाला असलेले बाबा सुट्टीवर आले होते. त्यांच्या नकलांना हसून हसून आम्हा बहिणींची पोटं दुखत होती. आईही हसली. मग एकदम उठून तिने दार लोटलं.

"हळू हसा गो. भायेर कोनतरी आयकतंय."

"कोण, आई?"

तिने फटीतून रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. आमच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही.

"बघ, दृष्ट लागलीच व्हती," ती कुजबुजली.

त्यानंतर वाईट काहीच घडलं नाही. मी मात्र प्रत्येक हसण्यानंतर त्याची वाट बघत राहिले.

आजचा तो वास विरतोय तोच माझी लेक नोकरी लागल्याचं सांगत, खळखळून हसत घरात आली. मला इतका आनंद झाला की मी उठून खिडकी लावली.

तिचं हसू थांबलं. बंद काचेकडे बघत तिने हळूच विचारलं, "आई, कोण ऐकतंय?"

ही आठवण मी तिला कधीच सांगितलेली नाही.