तिच्या हातातलं स्टिअरिंग

पालघरहून परत येताना माझी बायको नेहमी झोपायची. डायलिसिसनंतर तिच्या अंगात काही उरायचंच नाही. गाडी पालघरच्या बाहेर पडायच्या आत तिची मान खिडकीकडे कलायची, आणि सरावलीला घरासमोर इंजिन बंद झालं की ती डोळे उघडायची. एकाआड एक दिवस आमचा हाच फेरा. रिक्षातला वारा तिला सोसत नसे. थंडी भरून यायची, मळमळायचं, रस्त्यात दोनदोनदा थांबावं लागायचं. म्हणून मी आमची जुनी छोटी गाडी चालू ठेवली होती. तारापूरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स खात्यात होतो. नोकरीच्या उमेदीच्या काळात ती गाडी घेतली, तेव्हाही ती जुनीच होती. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. आता तसल्या गाड्या रस्त्यावर दिसत नाहीत.

उन्हाळा होता. परतीच्या वाटेवर उमरोळीच्या पुढे एका उजव्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं. ते फिरलं, पण गाडी सरळच गेली. मी आणखी फिरवलं, ब्रेक दाबला, आणि मग गाडीने एकदम अंग टाकल्यासारखा उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला झोक घेतला. मी उलट फिरवलं तशी ती डावीकडे गेली. डावीकडचं पुढचं चाक रस्त्याखाली उतरलं आणि चारीत बसलं. समोरून येणारा टँकर भोंगा वाजवत निघून गेला. तो काही क्षण आधी आला असता तर, हा विचार मला नंतर कितीतरी दिवस सोडत नव्हता.

बायको दारावर आपटून जागी झाली.

"काय झाला वो?"

"काही नाही. चाक उतरलं."

"तुमाला लागला काय?"

मला काही लागलं नव्हतं. तिच्या खांद्याला मुका मार बसला होता, पण तिने आधी डावा हात चाचपला. डायलिसिससाठी त्या हातातली शीर ऑपरेशन करून जोडलेली होती. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर दाब येऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिने मनगटाजवळ बोटं ठेवली. शीर चालू असल्याची आतली थरथर लागली तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

रस्त्याकडेला ताडगोळे विकत बसलेली एक बाई धावत आली. तिने बायकोला हाताला धरून झाडाखाली बसवलं आणि स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

"पी बाय, घाबरली असशील."

"मला पानी चालत नाय गो. मोजून पितंय मी."

डॉक्टरांनी तिला दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं. त्या बाईला ते कळेना. एवढ्या उन्हात पाणी चालत नाही म्हणजे काय? ती पुन्हा पुन्हा बाटली पुढे करत राहिली. शेवटी बायकोने तिचं मन राखायला चूळ भरली, ओठ ओले केले आणि बाटली परत दिली. मी चार माणसं गोळा करून गाडी वर काढत होतो, तेवढा वेळ त्या दोघी झाडाखाली बसून राहिल्या.

गाडी ओढत बोईसरला नेली. तिथला गॅरेजवाला उत्तर प्रदेशातला, बरीच वर्षं इथे स्थायिक झालेला. जुन्या गाड्यांना हात लावणारे आता थोडे उरलेत, त्यातला हा एक. त्याने पुढची चाकं उचलून हलवून पाहिली आणि चाकांजवळचे सांधे, बॉल जॉइंट, झिजलेत म्हणाला. ते खरंही होतं. त्याने ते बदलले. मी चालवून पाहिलं तर फरक पडला, पण पूर्ण नाही. स्टिअरिंग बराच वेळ नुसतंच रिकामं फिरायचं आणि मग गाडीला जाग यायची. त्याने स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला. त्यामुळे स्टिअरिंग जड झालं, पण रिकामं फिरणं तसंच राहिलं.

"काका, पुरानी गाडी है. इतना तो रहेगा," तो म्हणाला. त्याच्यापुढे आणखी गाड्या उभ्या होत्या.

मी अगदी हळू चालवत घरी आणली. पुढच्या डायलिसिसला रिक्षाने पालघरला गेलो. परत येताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. मी तिच्या अंगावर चादर धरून बसलो होतो आणि चादर वाऱ्याने सुटत होती. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजली. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

सकाळी मी अंगणात गोणपाट अंथरलं. कारखान्यात आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. बिघाड सापडत नसेल तर चालू यंत्राकडे बघायचं, काय हलायला हवं आणि काय हलतंय ते. पण गाडीखाली मी शिरलो तर वर स्टिअरिंग कोण हलवणार? शेजारचे सगळे कामावर गेले होते. मी तसाच उभा होतो, तेवढ्यात ती भिंतीला धरत बाहेर आली.

"मी बसते नं. तुमी खाली जा."

"तुझा हात..."

"उजवा हाय की माजा."

तिने आयुष्यात गाडी चालवली नव्हती. तिला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. गाडी गिअरमध्ये घातली, चाकांमागेपुढे विटा लावल्या. इंजिन बंद होतं आणि चारही चाकं जमिनीवर होती, कारण चाकांवर भार असल्याशिवाय खोट दिसली नसती. मग मी खाली सरकलो.

"डावीकडे फिरव. आता उजवीकडे. थोडंच. पुन्हा."

वरून तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी एकेक जोड बघत गेलो. चाकांजवळचे नवे जोड घट्ट होते. दोन्ही चाकांना जोडणारा मधला दांडा ठीक होता. मग नजर स्टिअरिंग बॉक्सवर गेली. तिने फिरवलं की बॉक्सच्या आतलं फिरायच्या आधी अख्खा बॉक्सच किंचित उचलला जात होता. त्याचे बोल्ट घट्ट होते. ते चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, ज्या पत्र्यावर होते, तो पत्राच बॉक्सबरोबर वाकत होता.

मी स्क्रू ड्रायव्हरने गंज लागू नये म्हणून दिलेला वरचा काळा लेप खरवडला. आतून तांबड्या पापुद्र्यांचा ढीग माझ्या तोंडावर पडला. बोल्टांच्या भोवती पत्रा फाटला होता, आणि ती चीर वर लेपाखाली दिसेनाशी होईपर्यंत गेली होती. गाडी कितीतरी वर्षं दर सुट्टीत शिरगावला, तिच्या माहेरी, समुद्राच्या वाऱ्यात उभी राहिली होती. खारी हवा कुठून कुठे शिरली ते आम्हाला कधी दिसलं नव्हतं.

"गावला काय?" तिने वरून विचारलं.

"सापडलं."

"मग गप का हायसा?"

 ज्या पत्र्याच्या भरवशावर मी तिला इतके महिने नेत होतो, तो स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तुटत होता. बाहेर आलो तेव्हा तिने उजव्या हाताने स्टिअरिंग अजून धरलेलंच होतं. 

गाडी पुन्हा ओढत नेऊन गॅरेजवाल्याला दाखवली तेव्हा तो स्वतः खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वेल्डिंग धरायला चांगलं लोखंड मिळायला हवं, नाहीतर हात लावणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मी हो म्हटलं. त्याने बॉक्स उतरवला, बॅटरी काढली आणि ग्राइंडरने सडका पत्रा कापत कापत चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे गेला. भोक तळहाताएवढं झालं. मग जाड पत्रा कापून, वाकवून, दोन्ही बाजूंनी बसवला आणि वेल्ड केला. बॉक्स पुन्हा चढवला, चाकांचं अलाइनमेंट केलं. मी स्टिअरिंग जरासं हलवलं आणि पुढची चाकं लगेच हलली. मी पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं.

"कितने दिन चलेगा?" मी विचारलं.

"मैंने जो लगाया वो पक्का है, काका. बाकी का मैं नहीं बोलूँगा."

गाडी तपासायला म्हणून मी एकटाच निघणार होतो. ती म्हणाली, मला पण शिरगावला न्या. तिचा तो डायलिसिस नसलेला दिवस होता. पालघर सोडून आम्ही समुद्राच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक वळणावर मी श्वास धरत होतो आणि गाडी निमूट वळत होती. तिच्या भावाच्या घरी कोणी नव्हतं, सगळे बंदरावर गेलेले. काठ्यांवर बोंबील वाळत होते. आम्ही गाडीतच काचा खाली करून बसलो. पथ्यामुळे सुकी मासळी तिला बंद झाली होती. ती नुसता वास घेत होती.

"ऐकलाव काय," ती म्हणाली, "मला आता ह्या सुया नको वाटतात. बंद करायचा म्हनते मी."

 मी म्हणालो, "अगं, गाडी आत्ता कुठे नीट झाली."

ती हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि मी तिची पाठ चोळत राहिलो. नंतर आम्ही त्यावर बोललो नाही. मी तिला कधी विचारलं नाही, तिनेही पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तयार होऊन ती गाडीत येऊन बसली, त्याच्या पुढच्या वेळेलाही. माझ्यासाठी बसली असेल.

पावसाळा तिने तसाच काढला. गाडीने एकदाही त्रास दिला नाही. खड्डे, पाणी, चिखल, कशातही स्टिअरिंग हाताबाहेर गेलं नाही. पण भाद्रपदात तिच्या छातीत पाणी साठलं. तिला आडवं होता येईना. सीट जराशी मागे टेकवली तरी धाप लागायची, ऑक्सिजनशिवाय नेणं शक्य नव्हतं. मग रुग्णवाहिका बोलवावी लागली. तिच्याजवळ तिची बहीण बसली, ऑक्सिजनचा सिलिंडर होता, माझ्यासाठी आत जागा नव्हती. मी गाडी काढली. शेजारच्या सीटवर तिचे कपडे आणि रिपोर्टची पिशवी ठेवली आणि मागोमाग निघालो.

पाऊस थांबला होता. रुग्णवाहिका वळेल तशी मी गाडी वळवत होतो. मागच्या काचेतून बहिणीचं डोकं दिसायचं, ती वाकली की दिसेनासं व्हायचं. ती वाकली की मला वाटायचं, काहीतरी झालं. उमरोळीचं वळण कधी गेलं ते कळलंही नाही.

ती हॉस्पिटलमधून परत आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिला अंत्यसंस्कारासाठी शववाहिनीतून शिरगावला नेलं, तिची तशीच इच्छा होती असं बहिणीने सांगितलं. मला ती तसं कधी बोलली नव्हती.