तेलाच्या डब्यातली तांबडी भाजी

डिचोलीच्या आमच्या घरमालकीण मावशींनी हात दिला, म्हणून मी तिथे रुळले. गोवा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं. माझे यजमान खाणीच्या ट्रकवर होते, आणि सातवीत शाळा सुटलेली मी लग्न होऊन देवगडहून मावशींकडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले होते. निघताना आईने तांबड्या भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, बी पुडीत बांधून दिलं होतं. ते वाया गेलं तर माहेरचं काहीच जवळ उरणार नाही, या धास्तीने मी पुडी बरेच दिवस सोडलीच नाही.

शेवटी यजमानांनी खाणीवरून लालभडक माती आणली. ती तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून मी अर्धं बी पेरलं. पाणी पडलं की माती विटेसारखी घट्ट व्हायची. एकही कोंब आला नाही.

"अगो, खाणीच्या मातयेंत लोखंड पिकता, भाजी न्हय," मावशी हसल्या. पण माझं रडवेलं तोंड बघून त्यांनी माडाच्या बुंध्याची भुसभुशीत माती काढली आणि तिच्यात चुलीची राख कालवली. "रोपां वर येतकच मासळी धुतल्याचं उदक घाल. वास येतलो, येऊं दे."

उरलेलं बी मी त्या मातीत पेरलं. आठवड्याभरात डबे लालसर दिसू लागले. पहिली भाजी ओलं खोबरं घालून केली. यजमान म्हणाले, "तुझ्या आवशीच्या हातची वाटता." आईच्या हातची! त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मावशी आता थकल्या आहेत, फोंड्याला लेकीकडे असतात. आमचं स्वतःचं घर झालं की त्यांना आणीन आणि त्या कंटाळेपर्यंत त्यांची सेवा करीन.