सातव्या मोरीवरची कुलपं

तुमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रभर जो माणूस जागा बसतो, तो दिवसा कुठे झोपतो, हे तुम्ही त्याला कधी विचारलं आहे?

मीही विचारलं नव्हतं. आमच्या घरात पलंगाखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. 'निवारा हा हक्क आहे' हे वाक्य मी बाराखडीबरोबरच शिकले. पण कोथरूडच्या आमच्या इमारतीच्या फाटकावर बसणाऱ्या माणसाचं आडनाव मला ठाऊक नव्हतं. आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी दरवर्षी मुलांकडे कॅलिफोर्नियाला जाऊन येत आणि तिथले रस्ते किती गुळगुळीत आहेत ते महिनाभर सांगत. मी दोन बस बदलून हडपसरला गेले. त्यांच्यापेक्षा लांब जाऊन आले, असं आजही मला वाटतं.

निमित्त होतं पाहणीचं. हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांत काम करायला माणसं येत होती, आणि शहराचा विकास आराखडा नव्याने व्हायचा होता. कोणत्या वस्तीला किती घरांची गरज आहे ते दारोदार जाऊन मोजायचं काम एका संस्थेकडे आलं. मी नाव दिलं. माझ्या वाट्याला कालव्याकाठची एक वस्ती आली. कालव्याच्या पलीकडे एक मोकळा भूखंड होता. गरज सिद्ध झाली तर तो स्वस्त घरांसाठी राखायचा, नाही झाली तर सोडून द्यायचा, असं ठरलं होतं.

पुलगेटला बस मिळाली, बसायला जागाही मिळाली, आणि मी सूचनांची पुस्तिका उघडली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: दोनदा ठोठावूनही दार उघडलं नाही तर 'बंद' लिहावं, गोषवाऱ्यात बंद घरं रिकामी धरली जातील. मला ते अगदी पटलं. घरं घेऊन कुलूप लावून ठेवायची आणि भाव वाढायची वाट पाहायची, या प्रकाराची मला लहानपणापासून चीड. अशांना कागदावर पकडायचं, असा निश्चय करून मान वर केली तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता.

शेजारी मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन एक आजोबा बसले होते. हडपसर आलं का, म्हणून मी त्यांना विचारलं.

"हडपसर मगाशीच गेलं की. आता लोणी हाय."

अशी मी लोणी काळभोरला पोहोचले. तिथे चहा घेतला, उलट दिशेची बस धरली आणि तासभर उशिरा हडपसरच्या गाडीतळावर उतरले. आमचे पर्यवेक्षक शिंदेसर हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन उभे होते. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "लोणीला काय मोजून आलात?" एवढंच विचारलं.

गाडीतळामागच्या बाजारातून, मेथीच्या ढिगांमधून वाट काढत आम्ही कालव्यावर आलो. कालव्यावरच्या प्रत्येक मोरीला (खालून पाणी जाणाऱ्या छोट्या पुलाला) नंबर आहे, आणि ही वस्ती सातव्या मोरीला लागून आहे, म्हणून तिचं नावच सातवी मोरी. विटांच्या एकेका खोलीची रांग, वर पत्रा, पत्र्यावर दगड. समोर हिरवट पाणी, आणि त्या पाण्यात पलीकडच्या काचेच्या इमारतीचं प्रतिबिंब. वस्तीच्या मालकीची काच म्हणाल तर तेवढीच.

सरांनी मला बावीस दारांची रांग दिली आणि ते पलीकडच्या रांगेला गेले. पहिल्या काही दारांत बाया भेटल्या. त्यांनी नीट उत्तरं दिली, पाणी दिलं. मग कुलूप लागलं. मग आणखी एक. मी नियमाप्रमाणे दोनदा कडी वाजवी, थांबे आणि 'बंद' लिही. पाचव्या कुलपानंतर माझं पेन कागदात रुतायला लागलं होतं. गरिबाच्या वस्तीतसुद्धा खोल्या अडवून ठेवणारे आहेत तर! रांगेच्या शेवटी, नवव्या कुलपापाशी चपलेचा अंगठा तुटला. मी तिथेच पायरीवर बसले, पिन काढली आणि चप्पल दुरुस्त करता करता त्या न पाहिलेल्या मालकाला चांगलं मोठ्याने बोलले.

डोक्यावरच्या खिडकीतून आवाज आला. "ताई, बसा तुमी, पण बोलू नका. झोप मोडून राहिली."

मी उठले. दाराकडे पाहिलं. कुलूप जागेवर होतं. आत कोण आहे, म्हणून विचारलं.

"मीच आहो. माझंच घर आहे."

"मग बाहेरून कुलूप कसं?"

"आतून कडी लावली तर जो येते तो वाजवते. कुलूप पाहिलं का कोणी वाजवत नाही. कुलूप दिसत असून दोनदा वाजवणाऱ्या तुमीच पहिल्या." मग जरा थांबून, "काय लिहून राहिल्या तुमी?"

मी खरं ते सांगितलं. बंद लिहिलं आहे. बंद म्हणजे रिकामं.

 मग खिडकीच्या गजांमधून एक हात बाहेर आला. हातात सुतळीला बांधलेली किल्ली होती. "उघडा. किती रिकामं आहे ते पाहून घ्या."

मी कुलूप काढलं. आत एक माणूस बनियनवर उभा होता, डोळे लाल. भिंतीवर पंचशील ध्वज, खुंटीला पहारेकऱ्याचा निळा शर्ट, कोपऱ्यात गॅस, आणि जमिनीवर एक गादी. तिच्याभोवती उभं राहण्यापुरती जागा. दिलीप मेश्राम, मूळचे भंडाऱ्याकडचे. रात्री काचेच्या इमारतीच्या फाटकावर बसत. बायको छाया त्याच इमारतीत दिवसा साफसफाईला. आई दोन घरची भांडी घासायला जाई, मुलगी शाळेत. ते सकाळी कामावरून येत तेव्हा छायाताई निघत आणि जाताना त्यांच्यावर कुलूप घालून जात. सगळी रांग असंच करते, ते म्हणाले. पलीकडच्या खोलीत कारखान्यातली तीन पोरं तीन पाळ्यांत राहतात. त्यांची गादी कधी थंड होत नाही.

आग लागली तर, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीतल्या खिळ्याकडे बोट केलं. "म्हणून तर किल्ली तिथं."

मी शिंदेसरांना गाठलं. नऊ फॉर्म चुकलेत, मला ते बदलायचे आहेत.

"खाडाखोड केलेला फॉर्म बाद होतो," ते म्हणाले. "आणि मोजून दिलेत, जादा एकही नाही."

"पण सर, आत माणसं आहेत."

"असतील. पाहणीची वेळ दहा ते पाच आहे."

"त्या वेळात जे कामावर असतात आणि जे झोपलेले असतात, त्यांनी काय करायचं?"

"तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं. पण कडी वाजवून पुढे जाणारी मी होते, ते नव्हते. रिकाम्या खोल्यांची चीड मला होती आणि त्या चिडीत मी नऊ घरांतली माणसं पुसून टाकली होती. त्या नवांमुळे पलीकडचा भूखंड सुटला असता तर कालव्याचा काठ मोकळा करायला वस्ती हटवतील त्या दिवशी मेश्रामांना दाखवायला जागा उरली नसती. मी गाडीतळावर जाऊन फुलस्केप कागदांचा दस्ता घेतला आणि परत मोरीवर येऊन बसले.

सहा वाजता वस्ती बदलली. रात्रपाळीवाले उठून बसले होते, दिवसपाळीवाले परतले. बहुतेक सगळे एकदम घरी असण्याचा चोवीस तासांतला तेवढाच एक तास. छायाताई आल्या. काटक बाई, हातात डबा. नवऱ्याने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या मला रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"मग आता काय करता?" त्यांनी विचारलं.

फॉर्म संपलेत, मी म्हणाले. कागद आहेत.

त्या रांगेतून प्रत्येक खिडकीशी जाऊन आल्या. दारं उघडत गेली, माणसं मोरीच्या कठड्यावर येऊन बसली. कुणीतरी मला उद्देशून म्हणालं, आता मोजा, जिवंत आहोत तोवर. मी पहिल्या कागदावर मोठ्या अक्षरात सुरुवात केली: 'निवारा हा आमचा'. छायाताईंनी वरून वाचलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"घोषणा नका लिहू, ताई. वेळ लिहा. वेळेला कोणी खोटं म्हणत नाही."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. सकाळी नऊ ते दुपारी चार, गादीवर दिलीप. रात्री दहा ते पहाटे पाच, छाया, सासूबाई, मुलगी. रविवारी सगळे घरी, तेव्हा दिलीप बाहेर मोरीवर. खाली सही. नऊ खोल्यांचे नऊ कागद झाले. इतकं साधं आणि इतकं जहाल पत्रक मी आमच्या पलंगाखाली कधी पाहिलं नव्हतं.

लिहिणं संपलं तेव्हा त्यांनी मला जेवायला थांबवलं. गोळाभात (भातात शिजवलेले हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे, वरून लाल मिरचीचं फोडणीचं तेल) होता. मी जेवले ती जागा त्या गादीचीच; गादी गुंडाळून भिंतीला टेकवली होती. दिलीपभाऊ निळा शर्ट चढवून निघाले. जाताना म्हणाले, आता वाजवा कडी, पाहिजे तितकी.

सोमवारी मी कागद शिंदेसरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून एक कागद वाचला, मग सगळे वाचले. टाचणी शोधली. "जोडपत्र म्हणून लावतो. जोडपत्र वाचलंच पाहिजे असा नियम नाही." टाचणी लावून झाल्यावर, माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "हरकती आणि सूचना मात्र वाचाव्या लागतात. सही आणि पत्ता असेल तर."

कोथरूडला परतले त्या संध्याकाळी फाटकाशी थांबले. आमचे पहारेकरी दुरगुडे. आडनाव त्या दिवशी कळलं. दिवसा कुठे झोपता, असं विचारल्यावर त्यांना वाटलं तक्रार आली आहे. मग सांगितलं, कात्रजला, पाच जणांत एक खोली, पाळीपाळीने. आणि दाराला? "बाहेरून कुलूप," ते म्हणाले, जणू दुसरं काही असूच शकत नाही.

आता आराखड्याचा मसुदा लागला आहे. त्यात सातव्या मोरीपुढे 'रिकाम्या खोल्या' असा रकाना आहे आणि त्यात माझ्याच हातचे नऊ आहेत. भूखंड अजून सुटलेला नाही, राखलेलाही नाही. हरकतींची मुदत चालू आहे.

म्हणून एक करा. उद्या सकाळी तुमच्या फाटकावरचा माणूस कामावरून सुटेल तेव्हा त्याला नाव विचारा. कुठे झोपता, किती वाजता, गादीवरून कोण उठल्यावर, ते विचारा. त्याच्या परवानगीने साध्या कागदावर उतरवून घ्या, त्याची सही घ्या, शेजारी तुमची सही आणि पत्ता घाला. मुदतीच्या आत हरकत म्हणून क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अक्षर वाईट असलं तरी चालेल. घोषणा लिहू नका. वेळ लिहा.