कानबाईसाठी जुनी सिस्टीम

जळगावच्या एका शाळेत मी मुलांना संगणक शिकवते. त्यामुळे धरणगावला माहेरी गेले, की चहाच्या आधी एखादी बिघडलेली वस्तू पुढे येते. कधी मोबाइल, कधी टीव्हीचा रिमोट, एकदा तर मिक्सरसुद्धा आला होता. या श्रावणात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन सीड्या पुढे केल्या.

"रविवारले कानबाई बसाडनी शे," ते म्हणाले. "तुन्ही मायना गाना काढी दे."

श्रावणात आमच्याकडे नारळाला नथ आणि पोत घालून कानबाई देवी बसवतात. ती बसते गाण्यांवर. आई गायची आणि गल्लीतल्या बायका मागून ओळ उचलायच्या. वर्षानुवर्षं नुसती ओळच उचलल्यामुळे आख्खं गाणं एकीलाही येत नव्हतं, आणि मीही त्यातलीच. आई गेली त्या साली कानबाई बसवलीच नाही. यंदा गायची पाळी वहिनीवर होती. ती पाचोऱ्याची. आमच्या चाली तिने ऐकून उचललेल्या, शब्द मात्र तिच्या माहेरचे. नानांना ते चालणार नव्हतं. आईची गाणी नसतील, तर त्यांच्या लेखी कानबाई मुकी बसणार होती.

ती गाणी दोन्हींपैकी एका सीडीवर होती. नाना टायपिंगचा क्लास चालवायचे. एका उन्हाळ्यात आईने ओट्याशी उभं राहून गाणी सांगितली आणि नानांनी ती घरच्या संगणकावर उतरवली. पडद्याकडे न बघता, अर्थात. पडद्याकडे बघणारा टायपिस्ट त्यांच्या लेखी चोर. क्लासमध्ये त्यांचा एकच नियम होता, कानाने ऐकायचं, बोटाने उतरवायचं आणि मधला एकही शब्द गाळायचा नाही.

तो संगणक केव्हाच भंगारात गेला. वहिनीच्या संगणकावर फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ. ज्यात ती उतरवली होती तो मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम दुसऱ्या सीडीवर होता, पण तो जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय चालेना. मी म्हटलं, त्यात काय, वहिनीच्याच संगणकावर दोन सिस्टीम बसवू. सुरू करताना जी हवी ती निवडायची.

वहिनी ब्लाउज शिवते. तिची सगळी मापं त्या संगणकात. "ताई, माझ्या मापांना हात लागायला नको," ती म्हणाली.

"अगं, मी हे शिकवते," मी म्हटलं. इथेच माझी ग्रहदशा सुरू झाली.

शनिवारी दुपारी डिस्कचे दोन भाग केले. आमच्या भावकीत वाटणी म्हटली, की चार पंच आणि वर्षभराचा अबोला लागतो. इथे दहा मिनिटांत झाली. रिकाम्या भागात नानांच्या क्लासच्या सीडीवरून जुनी सिस्टीम बसवली आणि संगणक पुन्हा चालू केला. जुनी थाटात उघडली. नवी कुठेच नाही. बंद करून चालू केला, तरी जुनीच. माझा चहा वहिनीने हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवला.

चूक मला तेव्हाच कळली होती. दरवर्षी मी फळ्यावर लिहिते, जुनी आधी बसवा, मग नवी. नवीला जुनी ओळखता येते, पण जुनीला आपल्या मागून कोणी जन्मलंय हेच ठाऊक नसतं. ती दारावर आपलीच पाटी लावून मोकळी होते. हे सगळं मी नानांना समजावून सांगितलं.

"पंगतमा मोठा मानूस पहिले बससे," नाना म्हणाले. "तू त्याले मांगून आनं. त्याले वाटनं, बठ्ठी, सगळी पंगत मन्हीच शे."

मला भयंकर राग आला, कारण माझ्या फळ्यावरच्या लिखाणापेक्षा ते सोपं होतं.

मापं जागच्या जागी होती, पाटी तेवढी बदलायची होती. त्यासाठी नव्या सिस्टीमची डिस्क लागणार आणि ती जळगावला माझ्या कपाटात. रविवारी सकाळच्या पहिल्या बसने जाऊन ती घेऊन आले. परतले तेव्हा घरभर रोटांच्या तुपाचा वास. कुळाचा तो प्रसाद आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीला देत नाहीत. रोट भावकीला, हेलपाटे लेकीला, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. कोणी ऐकलं नाही.

डिस्क घातली, दुरुस्ती चालवली, जुनीचं नाव यादीत घातलं. चालू करताच पडद्यावर दोन ओळी आल्या, वर नवी आणि खाली जुनी. वहिनीने आधी वरची उघडून मापं पाहिली आणि मग मला चहा दिला, या वेळी हातात. मी खालची ओळ निवडली, प्रोग्राम टाकला, फाइल उघडली. भेळेच्या जागी मराठी अक्षरं उभी राहिली. नानांनी पडद्याला नमस्कार केला.

तोवर बायका अंगणात जमल्या होत्या. वाचून बघायला वेळ कुणाला? प्रिंटर जुना होता, त्यामुळे त्याने कुरकुर केली नाही. गरम कागद तसेच वहिनीच्या हातात दिले.

पहिली दोन गाणी इतकी सुरेख झाली, की शेजारच्या काकू डोळ्यांना पदर लावू लागल्या. नाना उंबऱ्यावर बसून हाताने ठेका धरत होते. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर कागदात डोकं घातलेल्या वहिनीने त्याच चालीत म्हटलं, "आयका ना, थांबा जरासा, दूध उतू जाई ऱ्हायनं."

बायकांनी ओळ उचलली. "दूध उतू जाई ऱ्हायनं!" सगळी गल्ली टाळ्यांवर गाऊ लागली.

वहिनीने पुढची ओळ घेतली, "हाई बी लिखी टाकं का? तुम्हनं डोकं शे का खोकं?"

हे गाणं नव्हे, हे अर्ध्यावर बायकांच्या लक्षात आलं आणि हसू फुटलं. वहिनीने जीभ चावली. मीही हसत होते आणि हसता हसता मला रडू आलं, कारण तो आवाज वहिनीचा असला तरी बोलणं शंभर टक्के आईचं होतं. ती ओट्याशी उभी होती आणि हेही लिहून टाकलं म्हणून नानांवर वैतागली होती. सगळ्यांनी वळून नानांकडे पाहिलं.

"थांबू नको," नाना म्हणाले. "शब्द गाळाना नही."

वहिनीने एकही गाळला नाही. गाणं संपलं, त्याखाली आणखी एक ओळ होती. तीही तिने चालीत घेतली, "बस झायं आते. उठा, चहा पी ल्या."

बायकांनी ती हळू आवाजात उचलली.

"उनू, उनू," आलो आलो म्हणत नाना गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले.