सिंफनीचे पापड

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. त्यात सांगण्यासारखं आहे तरी काय, अशी स्वतःची समजूत घालत आलो. चोरी नाही, मारामारी नाही, कोणाचं घर बुडालं नाही. मग एवढी वर्षं ते मनातून का जात नाही? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जातंय.

गेल्या महिन्यात माझा मित्र इस्माईल खालापूरहून आमच्याकडे कडावला आला, तो काखेत एक जाडजूड खोका घेऊनच. आत सीड्या होत्या. जुन्या सिंफन्या, म्हणजे तो भलामोठा वाद्यवृंद एकत्र वाजवतो ते विलायती संगीत. जुन्या मूळ टेपा हुडकून, त्यांतली खरखर काढून, पुन्हा नव्याने काढलेला संच. मी हात पुढे केला. पण तो मला ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि खोका माझ्या बायकोपुढे, नलूपुढे धरला.

"वहिनी, ह्यो तुमच्यासाठी. आता जुन्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त ह्याला ऊन दाखवू नका म्हंजे झालं!"

नलू हसली. मीही हसलो – त्या हसण्यापाशीच मला यायचं आहे. पण आधी मागचं सांगायला हवं.

इस्माईल आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तो जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून गेला, मी इथेच शेती आणि कचेरीतली कारकुनी धरली. जहाजावरची माणसं घरी येताना अत्तरं आणत, ब्लँकेटं आणत. हा पठ्ठ्या रेकॉर्डी आणायचा. सुट्टीवर आला की माझ्या ओटीवर रेकॉर्ड लावायचा आणि आम्ही दोघं ऐकायचो. पहिल्यांदा मध्येच सगळं शांत झालं, तेव्हा मला वाटलं आटोपलं. मी उठलो. त्याने माझं मनगट धरलं. "थांब रं, संपलं नाय. दम घेतायत."

भाताच्या खाचरांत वाढलेला मी. मला हे कोणी ऐकवलं असतं? सगळ्या खालापुरात आणि कर्जतात त्याला ऐकायला सोबत म्हणून मी एकटाच सापडलो होतो. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. उलट – त्यातच सगळी मेख आहे.

एका वर्षी तो लांबच्या सफरीवर निघाला. त्याच्या घराचं छप्पर उतरवायचं होतं, म्हणून रेकॉर्डींची पेटी माझ्याकडे ठेवून गेला. त्या पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही पाझर फुटला होता. पाऊस सरल्यावर मी पेटी उघडली, तर सगळ्यावर पांढरी बुरशी. आता आमच्याकडे बुरशी आली की काय करतात? गाद्या, गोधड्या, लग्नातले शालू – सगळ्याला ऊन दाखवतात. मी अंगणात बाज टाकली, धुतलेलं धोतर अंथरलं आणि रेकॉर्डी एकेक करून मांडल्या. कावळ्यांनी घाण करू नये म्हणून पापडांजवळ लावतात तसं काळं फडकंही काठीला बांधलं. स्वतःवर खूश होऊन शेतावर निघून गेलो.

परत आलो तेव्हा सगळ्यांच्या कडा वर आलेल्या. काही तर द्रोणासारख्या वळलेल्या. पाट्याखाली दाबून पाहिल्या. काळ्या तबकड्या कधी सरळ होतात का?

नलू तेव्हा माहेरी, पोशीरला होती. ती आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "भावजींना नीट सांगा, ते समजून घेतील."

इस्माईल आला. पेटी उघडली. ओरडला नाही. एक रेकॉर्ड मांडीवर घेऊन त्याने तिच्या वळलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "कोनी केलं रं?"

नलू चहा घेऊन दारात आली होती. आणि मी म्हणालो – "हिनं. हिला काय कळतंय त्यातलं."

पहिला शब्द खोटा होता. पण दुसरं वाक्य? त्याची तर गरजही नव्हती. संगीत कळणारा एकमेव माणूस म्हणून तो मला मानायचा. ते मानणं मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. ही सबब नाही, घडलं ते असं घडलं.

नलूने कप खाली ठेवले. "चुकलं भावजी. बुरशी आली व्हती, म्हणून ऊन दाखवलं." माझी चूक, माझ्याच शब्दांत, तिने स्वतःच्या पदरात घेतली.

इस्माईल मोठ्या मनाचा. काही दिवसांत तो हसायला लागला. "वहिनींनी माझ्या सिंफनीचे पापड केले!" हे त्याच्या घरात सगळ्यांना पाठ झालं. मुलीच्या लग्नात त्याने नलूची ओळखच तशी करून दिली. पोरं तिला पापडवाली चाची म्हणतात. सगळे हसायचे, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा.

गेल्या महिन्यात तो खोका देऊन इस्माईल गेला, तेव्हा नलू वाल सोलायला बसली. मान वर न करता म्हणाली, "नाव माझं घेतलंत ते घेतलंत. दर वेळी हसायचं कशाला?"

मी खोक्याची कड चाचपत बसलो.

"लावा की," ती म्हणाली. "माझ्यासाठी आणलंय ना?"

इतक्या वर्षांत मी तिला ऐकायला कधी बसवलंच नव्हतं. आम्ही ओटीवर, ती आत चुलीपाशी. मी सीडी लावली. खरखर नाही, काही नाही – पाण्यासारखा स्वच्छ आवाज. थोड्या वेळाने सगळं शांत झालं. ती कंटाळली असेल असं वाटून मी बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," नलू वाल सोलता सोलता म्हणाली. "संपलं नाय. दम घेतायत."

मी हात मागे घेतला. पुढचं आम्ही दोघांनी ऐकलं. मला फार रडू आलं आणि फार बरंही वाटलं – हिच्यासोबत माझा जन्म गेला, एवढं माझ्या वाट्याला आलं.

शुक्रवारी नमाजानंतर इस्माईल येणार आहे. रेकॉर्डी मी उन्हात घातल्या, नलू तेव्हा घरात नव्हती, हे मी त्याला तिच्यासमोर सांगणार आहे. तो काय म्हणेल ते त्याचं. कदाचित सवयीने पापडांचं काढेल. मी हसणार नाही.