कॅलेंडरासमोरची खुर्ची

साऱ्या जगातून कोरोना गेला, पण आमच्या हळदीच्या मुलखातल्या गोरेगावात एका माणसाच्या तोंडावर त्यानं कायमचा मुक्काम ठोकला, आणि तो माणूस म्हणजे माझा शाळासोबती. बाकी गावानं आपापले मास्क कधीच चुलीत घातले, नाहीतर गाडी पुसायला घेतले. माझ्या मित्रानं मात्र शिंप्याकडून प्रत्येक शर्टाच्या उरलेल्या कापडाचा एकेक मास्क शिवून घेतला. चौकड्याच्या शर्टावर चौकड्याचा, पांढऱ्यावर पांढरा. कारण विचारावं तर तेही मोसमाप्रमाणे तयार. हळद काढायच्या दिवसांत धूळ, उन्हाळ्यात झळा, पावसाळ्यात "हवा बरी न्हाई." थंडीत विचारणाराच मफलर गुंडाळून असतो, त्यामुळं तेव्हा विचारायचं राहूनच जातं.

त्याचं चहा पिणं हा तर बघण्यासारखा प्रकार. स्टँडवरच्या हॉटेलात भिंतीला एक कॅलेंडर आहे. त्याच्या समोरची खुर्ची याची. गावाकडं पाठ करून तो मास्क हनुवटीखाली ओढतो, तीन घोटांत कप रिकामा करतो आणि मास्क वर चढवूनच मागं वळतो. त्यापायी ते कॅलेंडर त्याला इतकं पाठ झालंय की लोक संकष्टीपासून बँकेच्या सुट्टीपर्यंत सगळं त्यालाच विचारतात. फोटोची वेळ आली की मोबाईल आपसूक याच्या हातात. "सरका जरा आत, बराबर न्हाई दिसून राहिलं," म्हणत तो सगळ्यांचे फोटो काढतो आणि स्वतः कुठल्याच फोटोत नसतो.

पंगतीत तर त्याला तोड नाही. आसपासच्या गावांत लग्न कुणाचंही असो, वरणाची बादली याच्याच हातात. कुणाला भातावर किती वरण लागतं, कुणाला शुगर आहे, कुठल्या म्हातारीला बुंदी चावत नाही, सगळं ध्यानात. तोंडाला मास्क बांधलेला वाढपी म्हणून शिकलेले पाहुणे त्याचं कौतुकही करतात. वाढणाऱ्याला 'तू जेवलास का' असं कुणी विचारत नाही, हे त्याला फार आधी कळलं होतं. मला उशिरा कळलं.

गेल्या वर्षी त्याच्या भाचीचं लग्न निघालं. यानं स्वतः लग्न केलं नाही. बहिणीची ही पोर लहानपणापासून याच्याच घरी वाढली. मंगलाष्टकांना नवरीच्या मागं मामा उभा राहतो, आणि भाचीनं त्याला सरळ सांगितलं, "मामा, तोंड उघडं ठेवून उभं राहायचं. माझ्या लग्नाच्या फोटोत मला तुझं तोंड पाहिजे." जिला त्यानं आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं, तिनं नेमकं हेच मागितलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी तो माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात आला आणि बराच वेळ पेनं वरखाली करत बसला.

"तू येऊन राहिला न लग्नाला?"

"म्हणजे काय, येणारच."

"हसू नको फक्त."

"मी काहून हसन?"

"नववीत मला फावड्या तूच म्हनला व्हतास. मंग सारी शाळाच म्हनू लागली. मास्क आता आला रे. तवापासून मी तोंडावर हात धरून फिरून राहिलो."

मला ते नाव आठवतसुद्धा नव्हतं. याचे पुढचे दात जरा मोठे, एवढंच. पण शाळेत चिडवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्याचा मला अगदी त्या दिवसापर्यंत अभिमान होता. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. मी माफी मागायला लागलो, तर तो म्हणाला, "जाऊ दे. हसू नको, बस." मी शब्द दिला.

शेजारच्या गावी, कनेरगाव नाक्याला लग्न लागलं. नवरीच्या मागं तो पांढरा शर्ट घालून उघड्या तोंडानं उभा होता. खिशातून पांढरा मास्क डोकावत होता. दोनदा त्याचा हात तोंडाकडं गेला, दोनदा त्यानं तो खाली आणला. मी समोरच होतो. मला हसू येत नव्हतं, पण ओठ जरा जरी हलला तर घात होईल या भीतीनं मी दातावर दात रोवून उभा होतो. शेवटच्या अक्षता पडल्या. त्या आनंदात त्यानं गर्दीत मला हुडकलं आणि माझ्याकडं बघून तो हसला, सगळे दात दाखवून, मनापासून. आणि मी, दिलेला शब्द पाळणारा शहाणा, मयताला आल्यासारखं तोंड करून तसाच उभा राहिलो.

त्याचं हसू हळूहळू मिटलं. खिशातला मास्क काढून त्यानं कानांना अडकवला आणि तो बादली आणायला गेला. पंगतीत माझ्या पानात त्यानं दोनदा बुंदी वाढली. "घे, लाजू नको," म्हणाला.

फोटो मात्र निघाला. भाचीनं तो सासरी भिंतीला लावलाय. हसताना तो खरोखर देखणा दिसतो. मी त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, "आता पुन्हा काहून चिडवून राहिला?"

हल्ली हॉटेलात मीही त्याच्या शेजारी भिंतीकडं तोंड करून बसतो. तो मास्क खाली ओढतो, तेव्हा हसून त्याच्याकडं वळतो. तो कॅलेंडर बघत असतो.