रेनो हाकालाचा शनिवार

शनिवारी दुपारी दोनच्या ठोक्याला रेनो हाकाला सौना पेटवायचा. घरापासून पन्नास पावलांवर, तळ्याच्या काठाला त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली ती वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोली. आत लोखंडी शेगडी, शेगडीवर तळ्यातनंच वेचलेले काळे दगड, आणि भिंतीला लागून एकावर एक तीन बाक. दोन तास बर्चची लाकडं जाळली की दगड असे तापायचे, की पळीभर पाणी टाकलं तरी वाफ अंगावर धावून यायची. चार ते पाच बायकांची वेळ, पाचनंतर पुरुषांची. रेनोचा आजा फिनलंडातनं मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणीत आला, तेव्हा सामान म्हणून त्याच्याकडे एक पेटी होती आणि ही रीत होती. पेटी कधीच मोडली.

आता रेनोच्या घरात बाईमाणूस नव्हतं. बायको इर्या जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती एक लेक लिन्नेआ चार वर्षं झाली, राज्याच्या राजधानीला, सेंट पॉलला. तरी दर शनिवारी चारला रेनो बाकावर दोन धुतलेले टॉवेल ठेवायचा, दार ओढून घ्यायचा आणि स्वयंपाकघरात कॉफी पीत तासभर बसून राहायचा. पाचला आत जायचा. टॉवेल जसेच्या तसे, कोरडे.

शेजारच्या म्हाताऱ्या आउने लेह्तोला हे बघवायचं नाही. तिच्या स्वतःच्या सौनाचं छप्पर दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फाच्या भारानं खाली बसलं होतं.

“मेल्या, तासभर लाकडं कुणासाठी जाळतोस? भुतांसाठी? त्यापरीस मला जाऊ दे की आत.”

“ती लिन्नेआची वेळ हाय, आउने.”

“आन् लिन्नेआ कुठं हाय?”

“येईल.”

“मग ती येईस्तवर मी अंगाला पाणीच लावायचं न्हाई होय?”

रेनो पुढचं लाकूड शेगडीत सारायचा. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यातली पस्तीस त्यानं खाणीत, घराएवढ्या ट्रकच्या धडधडाटात काढली होती. कमी बोलायची सवय तिथलीच.

लिन्नेआ गेली, त्याला हाच सौना कारण झाला होता. चार वर्षांपूर्वी लोवेल ब्राटन नावाचा दक्षिणेकडचा एक शाळामास्तर गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहिला आणि मतं मागत इकडे आला. खाणीच्या मुलखात नुसत्या हात मिळवण्यावर कुणी मत देत नाही. माणूस बाकावर बसवून बघायचा, किती वाफ सोसतो ते. खाणवाल्यांनी ब्राटनला उचलून रेनोच्या सौनात आणला. पठ्ठ्या सगळ्यात वरच्या बाकावर बसला. टोमॅटोसारखा लाल झाला, पण उतरला नाही. बाहेर पडला तो ऑक्टोबरच्या गारठलेल्या तळ्यात उडी मारून आला. टॉवेल गुंडाळलेला, दातावर दात वाजणारा त्याचा फोटो सगळ्या पेपरांत छापून आला. त्या गडबडीत त्याचा ड्रायव्हर तापानं आडवा झाला, आणि पुढच्या गावी गाडी कोण नेणार म्हटल्यावर लिन्नेआनं किल्ली उचलली.

“तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, इसा,” ती बापाला म्हणाली होती. बापाला ती फिनी बोलीत ‘इसा’च म्हणायची.

ब्राटन निवडून आला, आणि लिन्नेआ त्याच्या ऑफिसात राहिली ती राहिलीच. तेव्हा रेनोला अभिमान वाटला होता. आपल्या पोरीनं गव्हर्नर निवडून आणला, असं तो फावड्याकुऱ्हाडींच्या दुकानात उगाच थांबून सांगायचा. पुढच्या हिवाळ्यात इर्या गेली. लिन्नेआ मंगळवारी मातीला आली आणि बुधवारी परत गेली.

आता ब्राटन दुसऱ्यांदा उभा होता. समोरचा उमेदवार मोटारी विकून गब्बर झालेला, पैशाला कमी नाही. रोज अंदाजाचे आकडे वरखाली व्हायचे. ऑगस्टात लिन्नेआचा फोन आला.

“इसा, या वेळी अवघड आहे बरं का. हरलो तर मी सामान बांधते आणि घरी येते. खाणीच्या ऑफिसात काहीतरी मिळेलच.”

“आन् जिंकलात तर?”

“मग आणखी चार वर्षं.”

फोन ठेवून रेनो बाहेर आला. त्याच्या शेडमध्ये ब्राटनच्या प्रचाराच्या दोनशे पाट्या येऊन पडल्या होत्या. मागल्या खेपेप्रमाणे त्यानं त्या रस्त्यारस्त्यानं, दारादारापुढं ठोकल्या. पण हातोडी हातात आणि मन तिसरीकडे. वाऱ्यानं एखादी पाटी पडलेली दिसली की ट्रकमधनं उतरून ती उभी करायला पाय चटकन उचलायचा नाही. मग स्वतःचीच लाज वाटायची. तो मागं फिरायचा आणि दोन ठोके जास्तच हाणायचा.

मतदानाच्या आधीचा शनिवार. गव्हर्नर येणार, परत सौनात बसणार, परत फोटो काढणार, असा निरोप होता. रेनोनं लिन्नेआच्या उशीचा अभ्रा बदलला. बाजारातनं तिच्या आवडीचा धुरी दिलेला मासा आणला. साडेचारला दोन काळ्या गाड्या अंगणात शिरल्या. पहिल्या गाडीतनं ब्राटन उतरला, त्याच्यामागनं कॅमेरेवाले. दुसरीतनं दोन तरणे पोलीस. रेनो गाडीच्या उघड्या दारातनं आत वाकून बघत राहिला.

“लिन्नेआ नाही आली,” ब्राटन हळूच म्हणाला. “फोनवरची कामं फार आहेत.”

“असूं दे,” रेनो म्हणाला.

फोटो झाले. पाच वाजले तशी कॅमेरेवाल्यांना घरात कॉफीला बसवलं, पोलीस दाराबाहेर उभे राहिले, आणि दोघं आत गेले. कपडे खुंटीला, आणि कपड्यांबरोबर ‘गव्हर्नरसाहेब’ही खुंटीलाच. आत फक्त लोवेल आणि रेनो. सौनात भांडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. खोटं बोललं की वाफ छातीत अडकते, असा दम रेनोची आजी त्याला लहानपणी द्यायची. एकाहत्तराव्या वर्षीही आतमध्ये थाप मारायची त्याची छाती नव्हती.

“कसं काय दिसतंय इकडं?” ब्राटननं विचारलं.

“काट्यावर हाय. पाचपन्नास मतं इकडची तिकडं.”

“तुझं आपलं पक्कं आहे, तेवढं पुरे.”

रेनोनं पळी भरली, दगडांवर ओतली. वाफ चर्रर्र करून उठली. ती त्यानं खाली बसू दिली.

“लोवेल, तुझ्या दोनशे पाट्या म्या ठोकल्यात. एकट्यानं.”

“मला माहीत आहे.”

“आन् तू पडावंस, असं वाटतंय मला.”

ब्राटननं कपाळावरचा घाम निपटला. दगडांतनं एक बारीकसा टक् असा आवाज आला.

“लिन्नेआसाठी?”

“हरलो तर घरी येते म्हनाली. मी पाटी ठोकतो आन् मनात म्हणतो, पड. दोन म्हयनं झालं. मानसानं असं करू न्हाई.”

“तुला वाटतं मी तिला डांबून ठेवलंय?”

“काम सोडवंना, म्हनून राहिली असंल.”

“उन्हाळ्यात पंधरा दिवसांची रजा दिली होती तिला मी. म्हटलं, बापाकडे जाऊन ये. दोनदा निघाली. दोन्ही वेळा वाटेतल्या ड्युलुथपर्यंत आली, तिथल्या टेकडीवर गाडी लावली, सरोवर बघत बसली आणि माघारी फिरली. आज तर म्हटलं, माझ्याच गाडीतनं चल. शनिवार आहे म्हटल्यावर नको म्हणाली.”

“शनवारानं काय केलं?”

“ते मला कळलं नाही. एवढंच म्हणाली, ‘चार वाजता मी आत एकटी कशी बसू?’”

रेनोच्या हातातली पळी तशीच राहिली. तीन वर्षांत लेक पाच वेळा घरी आली होती. एकदा मंगळवारी, एकदा गुरुवारी, नाताळात आली तो सोमवार होता. शनिवारी एकदाही नाही. चारला ती आत बसायची ती कायम आईबरोबर. आणि हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं. तो दर शनिवारी ती खोली तिच्यासाठी तापवत होता, आणि नेमकी ती तापलेली, रिकामी खोलीच तिला ड्युलुथवरनं माघारी पाठवत होती.

ब्राटन म्हणाला, “मत कुणाला देणार ते मात्र सांगू नकोस. इथं तू खोटं बोलणार नाहीस आणि मला झोप लागणार नाही.”

रेनोला हसू आलं. “चल, तळ्यात. हाडं गोठू देत जरा.”

मंगळवारी रेनो गावच्या सभागृहात मत द्यायला गेला. टेबलामागं, मतदारांची वही पुढ्यात घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून आउने बसली होती.

“नाव?”

“आउने, पन्नास वर्सं तुझ्या शेजारी राहतोय.”

“सरकारी काम हाय. नाव बोल.”

“रेनो हाकाला.”

“सही कर. आन् खाडाखोड करू नको, एकच कागद मिळतो.”

आडोशाला उभा राहून त्यानं पेन हातात घेतलं. दोन नावं, दोन पोकळ गोळे. मोटारवाल्याचा गोळा काळा केला तर लेक घरी येईल. येईल, खाणीच्या ऑफिसात जाईल, संध्याकाळी भाकरी लोण्याबरोबर खाईल. आणि शनिवार आला की काहीतरी काम काढून गावात निघून जाईल. एका घरात राहून बाप एक तास खिडकीतनं सौनाकडं बघणार आणि लेक तिकडं पाठ करून बसणार. असल्या घरी येण्याला घरी येणं म्हणायचं का? त्यात माणूस चांगला होता. वरच्या बाकावर बसला होता आणि उतरला नव्हता. रेनोनं ब्राटनचा गोळा भरला, कडेला न जाता, शाळेतल्या पोरासारखा जीभ दातात धरून.

बाहेर येताना आउनेनं मत दिल्याचा लाल बिल्ला त्याच्या कोटाला चिकटवला.

“आउने,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “शनवारी चारला सौनाला ये.”

तिनं चष्म्यावरनं बघितलं. “मतदान केंद्रात लाच देतोस काय रं?”

“टॉवेल मी देतो. साबण तुझा.”

वहीची पानं नीट करण्यातच तिचा बराच वेळ गेला.

बुधवारी सकाळी लिन्नेआचा फोन आला. मागं कुणीतरी ओरडत होतं, कुणीतरी गात होतं.

“इसा, जिंकलो! थोडक्यात, पण जिंकलो.”

“रेडिओवर ऐकलं.”

“म्हणजे आता... आणखी चार वर्षं.”

“हूं.”

“रागावलास?”

“न्हाई गं. हे बघ, आउनेला म्या सांगितलंय शनवारी यायला. चारला. तिचं छप्पर बसलंय न्हवं.”

पलीकडं गाणं चालूच होतं, पण लिन्नेआ मागं एखादं दार लावून घेत असावी. आवाज एकदम लांब गेला.

“वरच्या बाकावर बसणार का ती?”

“मधल्या. वरचा तुझ्या आईचा, ते ठावं हाय तिला. म्हनत होती, पाठ घासायला कुणी न्हाई.”

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“चारलाच ना अजून?” तिनं विचारलं.

“बदलणार कोन?”

“बघते,” ती म्हणाली.

शनिवारी आउने पावणेचारलाच पिशवी घेऊन हजर. पण सौनाच्या ओट्यावर बसली ती आत जाईना.

“दगड तापलेत, जा की.”

“बसते जरा. पोरीला येऊ दे.”

“ती बघते म्हनाली, येते म्हनाली न्हाई.”

“मग मी बी बघते. आन् पाच वाजले तर घरी जाईन, तुम्हा गड्यांत बसायची न्हाई मी. उगाच आशा धरू नको.”

चार वाजून गेले. तळ्याच्या कडेला पातळ बर्फ धरलं होतं. चार वीसला वळणावर दिवे दिसले, विझले, परत दिसले. तिथं कुणी गाडी थांबवून बसलं होतं. आउनेनं रेनोचा कोट मागनं ओढून धरला. “जाऊ नको. तिची तिला येऊ दे.”

गाडी आली. लिन्नेआ उतरली. हाकालांच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती. रेनोनं तिच्या हातातली बॅग घेतली.

“उशीर झाला,” ती म्हणाली.

“दगड गरम हायत.”

ती घराकडं न बघता आउनेपाठोपाठ आत गेली. रेनोला लाकडं फोडायची काहीएक गरज नव्हती, तरी तो सौनाच्या मागच्या भिंतीशी जाऊन फोडत बसला. आतनं पहिल्यांदा हलकं चर्र झालं, ते आउनेचं. मग एकदम असा फूत्कार उठला, की फळ्या कुरकुरल्या. लिन्नेआ लहानपणापासून अशीच, हाताला माप नाही.

“अगं पोरी, दगड विझवतीस काय! पळीभर सांगितलं, बादलीभर न्हवं!”

आवाज आउनेचा होता. शब्द मात्र इर्याचे. दर शनिवारी, वीस वर्षं, याच भिंतीतनं ऐकलेले. रेनोची कुऱ्हाड ओंडक्यात रुतून राहिली. आत मग कुणीतरी रडायला लागलं. आउने तिला गप्प बस म्हणाली नाही. रेनोनं कुऱ्हाड उपटली आणि आपला आवाज करत राहिला, म्हणजे आत कुणाला वाटू नये की कुणी ऐकतंय.

पाच वाजले, सहा वाजले. पुरुषांची वेळ त्या दिवशी तशीच गेली. त्यानं कुणाला हाक मारली नाही.

रविवारी जेवून लिन्नेआ सेंट पॉलला निघाली. परत कधी येशील, असं त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो पाट्या उपटायला गेला. जमीन गोठली होती, तारांचे पाय निघता निघेनात. एकेका पाटीशी झटापट करताना, काढायला इतक्या जड असतील तर आपण ठोकल्या तरी पक्क्या, असं त्याला वाटून गेलं.

सौनापाशी दोरीवर दोन ओले टॉवेल वाळत घातलेले होते. थंडीनं ते फळीसारखे कडक झाले होते आणि वाऱ्यावर एकमेकांना ठक् ठक् आपटत होते. आउने म्हणाली, काढ की ते. तो म्हणाला, राहू दे. गुरुवारपर्यंत तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता. मग त्यानं ते काढले, चुलीपाशी मऊ होऊ दिले, घड्या घातल्या, आणि शनिवारसाठी नेऊन बाकावर ठेवले, एक आउनेचा, एक लिन्नेआचा.